दुकानामागची खोली

निबंध हा वाङ्मयप्रकार एका सरदाराच्या गढीत जन्मला. तेव्हा आमच्यासारख्या किराणा दुकानदाराच्या मुलाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणीही विचारील. पण नैर्ऋत्य फ्रान्सच्या पेरिगोर भागातल्या त्या गढीची हकीकत वाचावी, आणि मग बोलावे.

मिशेल द माँतेन याचा पणजोबा रामाँ एकेम हा बोर्दो शहरातला व्यापारी. दारू आणि खारवलेली मासळी विकून कमावलेल्या पैशांतून त्याने १४७७ साली ही जहागीर विकत घेतली. नातू प्येर इटलीच्या लढायांत शिपाईगिरी करून आला, पुढे बोर्दोचा महापौर झाला. पणतू मिशेल १५३३ साली गढीतच जन्मला. त्याने एकेम हे आडनाव टाकले आणि जहागिरीचेच नाव लावले. मासळीचा वास जायला इतक्या पिढ्या लागल्या!

१५७१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, न्यायालयातले पद सोडून तो गढीच्या कोपऱ्यातल्या गोल बुरुजात येऊन बसला. खाली प्रार्थनामंदिर, मध्ये निजायची खोली, वर हजारभर पुस्तके. तुळयांवर ग्रीक-लॅटिन वचने. बाहेर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठले होते. याने मात्र बंदोबस्त वाढवला नाही. दारावर एक दरवान तेवढा ठेवला. या बुरुजातले निबंध १५८० साली प्रथम छापले गेले.

त्यांपैकी एकांतावरच्या निबंधात तो सांगतो, बायको-मुले, पैसाअडका सगळे असावे. पण दुकानामागची एक खोली माणसाने निव्वळ स्वतःसाठी राखावी. दुकानामागची खोली! आडनाव गेले, पण पणजोबाचे दुकान भाषेत राहिलेच की!

आमच्याही दुकानामागे खोली आहे. ज्वारीची पोती, तेलाचे डबे आणि त्यांच्या आडोशाला माझी पुस्तके. "बी. ए. होऊन पुढे काय?" हा अण्णांचा प्रश्न तिथवर ऐकू येतो. त्याचे उत्तर अजून माझ्यापाशी नाही.

१८८५ साली गढीला आग लागली. सरदारी वाडा जळाला, बुरूज वाचला. वाडा नंतर पुन्हा बांधला गेला. पण लोक तिथे जातात ते बुरूज पाहायला.

हे सारे मी एकदा अण्णांना सांगितले. ते वजने पुसत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "उद्या ती पोती जरा सरकवून घे. टेबल बसेल तिथे."