कर्लीच्या पात्रात पहिली कयाक

मालवणच्या एस. टी. स्टँडवरून देवबागची गाडी धरली की सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली येते. तेथून पुढे जमीन अरुंद होत जाते. उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदी आणि मध्ये माडांच्या बागांतून गेलेला रस्ता. एखाद्या घराच्या पुढील अंगणात समुद्राची गाज ऐकू येते आणि मागील दारी नदीचे संथ पाणी दिसते. सह्याद्रीतून निघालेली ही नदी देवबागच्या टोकाला समुद्राला मिळते. ओहोटीला वाळूचे दांडे उघडे पडतात आणि बायका टोपल्या घेऊन तिसऱ्या काढायला पाण्यात उतरतात. किनाऱ्याला कांदळवन आहे. त्याच्या मुळांत तांबोशी, गोबरा, काळुंदर आणि गोव्याकडे ज्याला चोणक म्हणतात तो जिताडा लपून असतो. गळ टाकणाऱ्या माणसाला आणखी काय हवे?

आमच्या भाच्याला हेच हवे होते. तो कारखान्यात फिटर आहे. सुट्टीच्या दिवशी खाडीच्या बांधावर गळ घेऊन बसण्याचा त्याचा छंद जुना आहे आणि त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. दारूच्या दुकानापेक्षा खाडीचा बांध केव्हाही बरा. परंतु कंपनीतील थकबाकीची रक्कम हाती आली आणि त्याने मासेमारीची कयाक घ्यायचे ठरविले. मोबाईलवर गोऱ्या लोकांच्या चित्रफिती बघून बघून त्याला सगळे पाठ झाले होते. पोहणे मात्र जेमतेम. सूनबाई आमच्याकडे येऊन म्हणाली, "मामा, तुम्ही हिशेबातले माणूस. पैसे गेले तर परत मिळवू, पण माणूस गेले तर?" तेव्हा आम्ही एवढेच सांगितले की, विकत घेण्याआधी बसून बघायचे. डिसेंबरात आम्ही दोन कुटुंबे रात्रीच्या कोकणकन्येने निघालो, सकाळी कुडाळला उतरलो आणि एस. टी.ने मालवण गाठले. तारकर्लीला कयाक तासाच्या भाड्याने मिळतात. काही हजारांचा निर्णय घेण्यापूर्वी काही शेकड्यांचा खर्च करणे हा साधा व्यवहार आहे.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्यूट लोकांची होडी. ग्रीनलंड, कॅनडा, अलास्का येथील बर्फाळ पाण्यात सील मारण्यासाठी त्यांनी ती बनविली. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर सीलचे कातडे. शिंपी सदरा बेततो तशी ती ज्याच्या त्याच्या मापाने बेतत. लांबी साधारण दोन्ही हात पसरल्यावर होते त्याच्या तिप्पट, आणि बसण्याची रुंदी कमरेपेक्षा दोन मुठी जास्त. आज दुकानात मिळते ती कयाक साच्यात ओतलेल्या पॉलिथिलीनची असते, परंतु मापाचा तो नियम आजही सुटलेला नाही. दुसऱ्याची चप्पल घालून लांब चालता येत नाही, तसेच हे.

भाड्याच्या कयाकी दोन तऱ्हांच्या असतात. एकीत पाय आत घालून बसायचे. तिच्यात पाणी शिरले तर उपसल्याशिवाय सुटका नाही. दुसरी वरून बंद असते, बैठक वरच असते आणि तळापर्यंत आरपार भोके असतात. आत आलेले पाणी त्या भोकांतून आपोआप खाली जाते. "मामा, भोके असलेली होडी बुडत कशी नाही?" असे आमच्या मुलीने विचारले. उत्तर सोपे आहे. होडीचे पोट बंद पोकळ असते आणि बसण्याची जागा पाण्याच्या पातळीच्या वर असते. मात्र जास्त वजन घातले की हीच भोके पाणी वर आणतात आणि माणूस ओल्यात बसतो. मासेमारीसाठी आणि नवशिक्यासाठी ही दुसरी तऱ्हाच योग्य, यात आम्हाला शंका राहिली नाही. उलटली तरी ती सुलटी करून वर चढता येते.

मग लांबी-रुंदीचा प्रश्न. भाचा चौदा फुटांचे स्वप्न बघत होता. लांब आणि अरुंद कयाक सरळ आणि वेगाने जाते, मोकळ्या पाण्यात तिचा उपयोग. आखूड आणि रुंद कयाक सावकाश जाते, परंतु डुगडुगत कमी आणि कांदळवनाच्या चिंचोळ्या वाटेत लवकर वळते. गळाला मासा लागला की माणूस एका बाजूला झुकतो, पाठीमागे वळून डबा शोधतो. अशा वेळी रुंदी कामी येते. दहा ते बारा फूट लांब आणि ३० ते ३४ इंच रुंद ही नवशिक्याची मापे. २८ इंचांच्या कयाकमध्ये भाचा बसला आणि वल्ह्याच्या चौथ्या हाताला पाण्यात गेला. पाणी छातीएवढे होते आणि अंगात जॅकेट होते, म्हणून आम्ही सर्वांनी हसून घेतले. नंतर त्याच जागी त्याला ३२ इंचांची दिली. तिच्यात तो बाजूला पाय सोडून बसला तरी ती हलली नाही.

वजनाचा हिशेब मात्र आम्ही कागदावर मांडला. प्रत्येक कयाकला किती भार पेलते तो आकडा लिहिलेला असतो. तो आकडा म्हणजे बुडण्याच्या आधीची हद्द, सुखाने चालण्याची नव्हे. त्याच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच भार टाकावा. भाचा ७२ किलो. गळ, डबा, पाणी, बर्फाची पेटी, नांगर आणि पकडलेले मासे मिळून १५ किलो धरले. एकूण ८७ झाले. ८७ हे सत्तर टक्के व्हायचे तर होडीची क्षमता किमान १२५ किलो हवी. मुंबईत एका दुकानात त्याला ११० किलोची "एकदम बेस्ट, साहेब" म्हणून दाखविली होती. विक्रेत्याने ग्राहकाचे वजन विचारलेच नव्हते. त्याच दुकानात पायाने पॅडल मारून चालणारी कयाकही त्याच्या गळ्यात बांधू पाहत होते. हात मोकळे राहतात हे खरे, परंतु तिची किंमत फार जास्त, वजन जास्त, आणि खाली पाण्यात असलेले पाते उथळ पाण्यात वाळूला टेकते. ओहोटीला कर्लीत गुडघाभर पाणी असलेल्या जागा कितीतरी आहेत. पहिल्या होडीला हाताचे वल्हे पुरे. हवा भरायची कयाक स्वस्त आणि घडी करून माळ्यावर टाकण्याजोगी, परंतु खडकावरच्या कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात आणि शेंगटीच्या काट्याबद्दल तर बोलायलाच नको. तो काटा हातात घुसला तर वेदनेने माणूस हैराण होतो. मासा गळातून सोडवायला पक्कड जवळ हवीच.

वल्ह्याकडे कोणी लक्ष देत नाही. रुंद कयाकला आखूड वल्हे दिले तर हात काठावर आपटतात. ३२ इंच रुंदीला २४० सेंटीमीटरच्या आसपासचे वल्हे लागते आणि ते दोरीने होडीला बांधून ठेवायचे असते. वल्हे वाहून गेले की होडी म्हणजे नुसता ओंडका.

जॅकेटबद्दल सूनबाई आधीपासूनच ठाम होती. तारकर्लीच्या समुद्रात २४ मे २०२२ रोजी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता, ती बातमी तिला आठवत होती. जॅकेट होडीत ठेवायचे नसते, अंगात घालायचे असते, सगळे बंद आवळून. घातल्यावर दुसऱ्याने खांद्यावर धरून वर ओढून बघावे. हनुवटीच्या वर सरकले तर ते मोठे होते, दुसरे घ्यावे. मासे धरणाऱ्याने पाठीकडे जाळीचे, पुढे खिसे असलेले घेतले तर बसायला त्रास होत नाही. एक शिट्टी अडकवून ठेवावी. ओरडून गळा बसतो, शिट्टी दूर जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची होडी देणाऱ्या काकांनी भाच्याला मुद्दाम दहा वेळा पाण्यात पाडले. उलटलेल्या होडीच्या मध्यावर यायचे, पलीकडचा काठ धरून ती सुलटी करायची, पाय मागे मारत पोट वर घ्यायचे, मग वळून बसायचे. गडबडीने गुडघा वर घेतला की होडी पुन्हा उलटते. सहाव्या वेळेपासून त्याला जमू लागले. सूनबाईला तिसऱ्याच वेळी जमले. वजनाने हलकी आणि लहानपणी माहेरच्या वहाळात डुंबलेली! त्या दिवशी होडी तिच्याकडेच जास्त वेळ राहिली.

काका मालवणीत म्हणाले, "आधी पाणी वळखूक होया, होडयेचा मगे बघूया." मग त्यांनी पाणी ओळखायला शिकविले. भरती लागली की संगमाकडून पाणी आत चढते. नवशिक्याने त्याच वेळी निघावे. दमला तरी पाणी त्याला गावाकडे नेते. ओहोटी लागली की तेच पाणी समुद्राकडे ओढते. संगमावर ओहोटीचे पाणी आणि समुद्राचा वारा समोरासमोर आले की उभ्या लाटा उठतात. तिकडे पहिले वर्षभर जायचेच नाही. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो. पाणी आरशासारखे दिसते आणि माणसाला वाटते की आज काही भीती नाही. प्रत्यक्षात तो वारा होडीला हळूहळू बाहेर ढकलत असतो. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करण्याचा जुना ढोबळ हिशेब आहे; चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती. आम्हाला हा हिशेब आवडला, परंतु त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहिल्याशिवाय निघू नये. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोराची असते. अष्टमीच्या आसपास पाणी नरम. पहिली फेरी त्या दिवसांतली.

नांगराविषयी त्यांनी बजावले की तो होडीच्या मध्यावर, कुशीला कधी बांधू नये. वाहत्या पाण्यात दोरी ताणली की होडी आडवी होते आणि एका झटक्यात उलटते. पुढच्या किंवा मागच्या टोकालाच बांधावा, आणि दोरी अशी हवी की ओढताच सुटेल. जवळ सुरी असावी.

एक गोष्ट आमच्याकडून. नदीत जाळी लावलेली असतात, बायका तिसऱ्या काढत असतात. ते त्यांचे पोट आहे आणि आपला तो विरंगुळा. जाळ्याच्या बोयऱ्या दिसल्या की लांबून वळावे, आणि कोठे गळ टाकावा हे जेटीवर विचारून घ्यावे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिकडे गळ घेऊन फिरू नये. पावसाळ्यात तर होडी घरातच राहू द्यावी.

आता ठेवायची कोठे? दुकानदार हा प्रश्न कधी विचारत नाही. बारा फुटांची, तीस किलोची वस्तू आमच्या चाळीच्या खोलीत उभीही राहत नाही आणि आडवीही. गॅलरीत ठेवावी तर शेजाऱ्यांची वाट अडते. उन्हात टाकली तर प्लास्टिक ठिसूळ होते. एकाच जागी भार देऊन ठेवली तर तळाला पोचा येतो. शिवाय प्रत्येक वेळी टेम्पोचे भाडे. आम्ही वर्षाच्या वीस फेऱ्या धरून मांडले तर वाहतुकीचाच आकडा होडीच्या किमतीला जाऊन भिडू लागला. भाच्याचे तोंड उतरले. तेव्हा सूनबाईनेच वाट काढली. तिचे माहेर कुडाळ तालुक्यात, नेरूरपारच्या बाजूला, कर्लीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पडवी मोठी, छप्पर पक्के, आणि विहिरीचे गोडे पाणी मुबलक. खाऱ्या पाण्यातून आल्यावर होडी, गळाचे रीळ आणि पक्कड गोड्या पाण्याने धुवावीच लागते. तेथे नदी संगमापासून बरीच आत आहे, लाटा नाहीत, तरी भरतीचे पाणी पोहोचते. सुट्टीत माहेरही होईल आणि गळही.

परतताना मालवणात एक जुनी कयाक विकाऊ असल्याचे कळले. अकरा फूट, ३३ इंच, क्षमता १५० किलो. आम्ही ती उलटी करून पाहिली. वाळूवर ओढून ओढून मागच्या टोकाचा तळ घासला होता, परंतु पातळ झाला नव्हता. आरपार भोकांच्या कडेने बहुधा चिरा जातात. तेथे नख फिरवून पाहिले. मग पोटात दोन बादल्या पाणी ओतून अर्धा तास ठेवली. कोठेही थेंब आला नाही. मालकाने नव्याच्या निम्म्याहून थोडे जास्त सांगितले, निम्म्यावर सौदा झाला. वल्हे त्यातच आले. जॅकेट जुने होते, त्याचा फोम दबून कडक झाला होता. ते नको म्हणून सांगितले. नवे बाजारातून घेतले. भाचा एक घेऊन पैसे काढू लागला तेव्हा सूनबाईने मध्यम मापाचे दुसरे काउंटरवर ठेवले आणि दुकानदाराला म्हणाली, "दोन्हींचे बिल एकत्र करा."