पथ्याचे पहिले दिवस

ज्या घरात नुकतेच कोणी पथ्यास लागले आहे, त्या घरी तिसऱ्या प्रहरी पाऊल टाकावे म्हणजे तेथील हवेतच काहीतरी ताणलेले आहे, हे परक्यालाही जाणवल्यावाचून राहत नाही. भांडी जपून ठेवली जातात, मुले गुपचूप ओसरीवर जाऊन बसतात, आणि ज्याच्या दीर्घायुष्यासाठी हा सारा बंदोबस्त झालेला असतो, तो गृहस्थ वर्तमानपत्र तोंडापुढे धरून एकाच ओळीवर डोळे खिळवून बसलेला असतो. देह निरोगी व्हावा म्हणून आरंभलेल्या व्रताने प्रथम मनःस्वास्थ्यच हिरावून न्यावे, हा अनुभव सार्वत्रिक असूनही त्याविषयी आपल्याकडे सहानुभूतीने फारसे बोलले जात नाही. चिडणाऱ्याच्या माथी निग्रहाच्या अभावाचा ठपका ठेवून आपण मोकळे होतो. मला हा न्याय मान्य नाही.

माझ्या शेजारी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. उभी हयात दप्तर, जमाबंदी आणि कुळांच्या तक्रारी यांत गेली, तरी कोणा अर्जदारावर त्यांनी आवाज चढवल्याचे ऐकिवात नाही. रक्तातील साखर काठावर आल्याचे निदान झाले आणि दुसऱ्याच दिवसापासून त्यांचे ताट ओळखू येईनासे झाले. भात गेला, तळण गेले, चार वेळचा गोड चहा गेला. त्या जागी जोंधळ्याची भाकरी, दुध्याची भाजी, मोड आलेली मटकी आणि काकडीची कोशिंबीर आली. त्याच आठवड्यात मी सहज डोकावलो, तेव्हा ते पानावर बसले होते. भाजीत मीठ कमी पडल्याचे निमित्त झाले. ‘हे काय अन्न आहे?’ म्हणत त्यांनी ताट इतक्या जोराने पुढे सारले की कोशिंबिरीचे पाणी फरशीवर ओघळले. ‘अहो, अर्धी भाकरी तरी खा,’ एवढेच त्यांच्या पत्नी म्हणाल्या आणि फडक्याने पाणी टिपू लागल्या. टिपताना हातातल्या बांगड्या त्यांनी कोपराकडे घट्ट सारून ठेवल्या होत्या; त्यांचाही आवाज व्हायला नको होता. थोड्या वेळाने ते खाली मान घालून म्हणाले, ‘मला काय होतंय, माझं मलाच कळत नाही.’

ते खरेच बोलत होते. मनुष्याचा मेंदू वजनाने देहाच्या शंभरांत जेमतेम 2 भाग, परंतु देहाला लागणाऱ्या एकंदर शक्तीचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वसूल करतो, आणि ही वसुली त्याला मुख्यतः रक्तातील शर्करेच्या रूपाने हवी असते. जेवणाचा शिरस्ता मोडला, दोन घासांमधले अंतर वाढले आणि ही रसद मंदावली, म्हणजे देह ॲड्रेनॅलिनसारखे स्राव रक्तात सोडून साठवणीतली शर्करा बाहेर काढतो. आणि भयाच्या वा संतापाच्या प्रसंगी छाती धडधडवणारा स्रावही हाच. म्हणजे रागाची सामग्री अगोदर रक्तात उतरते आणि भाजीतले मीठ हे तिला नंतर सापडलेले कारण असते. (मधुमेहावरचे औषध चालू असणाऱ्याला मात्र अशा वेळी घाम सुटून हात थरथरू लागले, तर तो स्वभावाचा प्रश्न राहत नाही, तेथे तत्काळ साखर द्यावी आणि डॉक्टरांना कळवावे.)

चहाची गोष्ट आणखी निराळी. शरीरात थकव्याची वर्दी देणारे ॲडिनोसिन नावाचे द्रव्य असते, आणि चहाकॉफीतले कॅफिन वर्षानुवर्षे त्याची वाट अडवून बसलेले असते. हा पहारा एकाएकी उठला की अडलेला सगळा थकवा एकदम आत येतो. शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत डोके जड होते, पहिले दोन दिवस अतिशय वाईट जातात, आणि पूर्ववत् व्हायला कित्येकांना आठवडा लागतो. घरातली माणसे या काळात बिचाऱ्या भाकरीला दोष देतात. शिवाय ज्या आतड्यांना उसळीची आणि कोंड्याची सवय नाही, त्यांच्यावर तो सारा भार एकदम टाकला म्हणजे पोट फुगते, झोप मोडते, आणि झोप मोडलेल्या माणसाकडून गोड बोलण्याची अपेक्षा कोणी करावी?

परंतु केवळ रसायनांनी या दुःखाचा उलगडा पुरता होतो, असे मला वाटत नाही. चारचा चहा हा त्या गृहस्थांच्या दिवसाचा विसावा होता. त्या कपाभोवती जुने स्नेही जमत, बदल्यांच्या आणि दुष्काळाच्या आठवणी निघत. साखर वर्ज्य करताना आपण माणसाकडून चवीबरोबर त्याची संगत, त्याचा सण, देवघरातून हातावर आलेला प्रसादाचा मोदकही नकळत काढून घेतो. गेलेल्या गोष्टीचा शोक करायला त्याला कोणी सवड देत नाही, आणि मग तो शोक संतापाच्या वाटेने बाहेर पडतो.

या संदर्भात मला अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 1944–45 साली झालेला एक प्रयोग वारंवार आठवतो. महायुद्धाने उपाशी पडलेल्या युरोपाला पुन्हा कसे जेवू घालावे, हे जाणण्यासाठी ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे जवळजवळ निम्म्या अन्नावर ठेवले. हे तरुण कोण होते? शस्त्र हाती धरणे सदसद्विवेकबुद्धीला मानवत नाही म्हणून ज्यांनी लष्करी सेवा नाकारली होती, असे शांततेचे उपासक. बटाटे, कोबी, सलगम आणि पाव यांवर दिवस काढताना तेच एकमेकांवर क्षुल्लक कारणांनी खेकसू लागले, थाळ्या चाटू लागले, पाककृतींची पुस्तके तासन्‌तास वाचत बसले. अहिंसेची ज्यांची निष्ठा राजसत्तेपुढे डगमगली नाही, त्यांनाही रिकाम्या पोटी मन शांत ठेवता आले नाही. मग आमच्या शेजाऱ्यांनी काय करावे? पथ्य म्हणजे अन्न बदलणे. पण आपण उत्साहाच्या भरात ते बदलता बदलता निम्मेही करून टाकतो.

आपल्या प्राचीन वैद्यांना हे चांगले ठाऊक होते. अपथ्याची जडलेली सवयही एका फटक्यात तोडू नये, तिचा एकेक अंश कमी करीत त्या जागी हितकर आहाराचा अंश आणावा, असा क्रम चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितला आहे. दीर्घकाळच्या वहिवाटीने देहाला एक प्रकारचा हक्क प्राप्त होतो आणि तो हुकमाने रद्द होत नाही, हे यामागचे शहाणपण मला फार मोलाचे वाटते.

डॉक्टरांना विचारून शेजारच्या काकूंनी तोच मार्ग धरला. दुपारी मूठभर भात परत आला, चार वाजता ताक आणि फुटाणे आले, चहाचा एक कप अर्ध्या चमच्या साखरेसह पुन्हा मिळू लागला. गृहस्थांचा आवाज उतरला. पुढे एकदा बोलता बोलता मला कळले, की ‘यांच्यासमोर कसा प्यायचा?’ म्हणून काकूंनी स्वतःही त्याच दिवसापासून चहा टाकला होता. ‘माझंही डोकं आठवडाभर ठणकत होतं,’ त्या म्हणाल्या. काकांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिले.

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही चिडला होतात. दोघांनी चिडून घर कसं चालायचं?’

आपल्याकडच्या किती घरांतून पथ्याचा निम्मा भार असा बिनबोभाट उचलला जातो, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. काका त्यावर काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून चारचा चहा ते स्वतः करू लागले, दोघांसाठी, दोन्ही कपांत सारखी साखर घालून. ती अर्ध्या चमच्यावरून पावावर आणि पावावरून चिमटीवर यायला पावसाळा उलटून दिवाळी उजाडली. तेवढा वेळ त्यांनी लागू दिला.