पाक की नापाक?

खालच्या मजल्यावरच्या खाला मगरिबनंतर वर आल्या. त्या कधी आवाज चढवत नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बेटा, छतातून थेंब पडतोय, नेमका माझ्या जानमाजच्या जागेवर. पाणी पाक आहे की नापाक, तेवढं सांग."

मला सांगता येईना. दोन वर्षांपूर्वी असंच झालं तेव्हा घाबरून मिळेल त्या प्लंबरला बोलावलं होतं. "गळतंय कुठे?" त्याने विचारलं. "बाथरूममध्ये," मी म्हणाले. त्याने नळाखालच्या टाइल्स फोडल्या, तिथला पाइप कोरडा! गळत होती नहाणी. गवंड्याचे पैसे वेगळे गेले आणि तशा टाइल्स बाजारात मिळाल्याच नाहीत. ते ठिगळ अजून दिसतं. दोष त्याला द्यावा, तर उत्तर माझ्याकडेच नव्हतं.

या वेळी खालांचाच प्रश्न धरला. नळाच्या लाइनचं पाणी की सांडपाणी, प्लंबरलाही आधी हेच कळायला हवं असतं. एक रात्र बाथरूम कुणी वापरलं नाही. सकाळी खाला म्हणाल्या, थेंब चालूच. म्हणजे सांडपाणी नव्हे. दुसऱ्या रात्री गीझरकडे जाणारा अँगल कॉक बंद केला. फजरला थेंब थांबलेला होता, अल्हम्दुलिल्लाह! छतातून झिरपून आलेल्या पाण्याचा मसला मात्र मौलानांना विचारा, असं मी खालांना सांगून टाकलं.

मग मेन व्हॉल्व्ह फिरवून पाहिला. गंजून घट्ट बसलेला! भाईजान आले तेव्हा हलला. प्लंबर आल्यावर हे कळलं असतं तर त्याचा अर्धा दिवस तिथेच गेला असता, मजुरी आमची.

दोघांना फोन केले. सामान कोण आणणार, फोडल्यावर बुजवणार कोण, राडारोडा कोण उचलणार? पहिला म्हणाला, "आल्यावर बघू." दुसऱ्याने उलट मलाच विचारलं, "लाइन जीआयची की सीपीव्हीसीची?" त्यालाच ठरवलं. सेक्रेटरींनी दुपारी दोन ते चार फोडाफोड नको म्हटलंय, तेही त्याच्या कानावर घातलं.

उद्या दहाला तो येईल, इन्शाअल्लाह. खालांनी जानमाज खिडकीपाशी हलवली आहे, जुन्या जागी पातेलं आहे. दोन दिवस ते कोरडं आहे, तरी त्या उचलत नाहीत. अम्मीच्या वुजूचं पाणी सध्या गॅसवर तापतंय.