रानातली ठेव

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना सारोळे मागे पडले की नीरा नदी लागते आणि पुणे जिल्हा संपतो. या नदीकाठच्या एका शेतात, मालकाची रीतसर परवानगी घेऊन, आम्ही गेल्या वर्षी एक लहानशी डबी दडवून ठेविली. तिचीच ही हकीकत.

आमच्या घरी ‘शिवकल्याण राजा’ ही ध्वनिमुद्रिका आहे. शिवराज्याभिषेकास तीनशे वर्षे झाली त्या १९७४ साली ती निघाली. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, गायन लताबाईंचे आणि निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचे. आमच्या वडील बंधूंनी ती मोठ्या हौसेने आणली होती. ते निवर्तल्यापासून वहिनींनी ती कपाटात जपून ठेविली आहे. तीतील कुसुमाग्रजांचे बाजीप्रभूंवरील गीत मात्र घरातील लहानथोरांस मुखोद्गत आहे.

एके दिवशी आम्ही मुलांस सहज विचारले, “बाजीप्रभू मूळचे कोठले?” उत्तर आले, “पन्हाळ्याचे!” बाजी पडले ते १६६० च्या जुलैत, पन्हाळा व विशाळगड यांमधील खिंडीत, हे खरे, परंतु ते हिरडस मावळचे देशपांडे, भोरजवळच्या शिंद गावचे. हिरडस मावळ म्हणजे याच नीरेचे वरचे खोरे. गीत पाठ आणि गाव अनोळखी! दोष मुलांचा नव्हे. आम्हीच त्यांस कधी तिकडे नेले नव्हते.

त्याच सुमारास पुतण्याने ‘जिओकॅशिंग’ नावाच्या खेळाची माहिती सांगितली. उपग्रहांच्या साह्याने स्थान दाखविणाऱ्या यंत्रणेत अमेरिकन सरकारने जाणूनबुजून ठेविलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली, आणि पूर्वी शंभर मीटरांपर्यंत चकविणारे यंत्र आता इष्ट स्थळाच्या अगदी जवळ नेऊ लागले. लागलीच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नामक गृहस्थाने ऑरेगॉन राज्यातील रानात काही वस्तू दडवून त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. सापडलेल्या वस्तूंतील काही घ्यावे, काही ठेवावे आणि वहीत नोंद करावी, एवढाच नियम.

आम्ही डबीत वही, पेन्सिल व एक चिठ्ठी घातली. चिठ्ठीत ध्वनिमुद्रिकेचे नाव देऊन लिहिले: “या खोऱ्यातील वीराचे गीत तीत शोधा, येथे बसून ऐका, आणि मग त्याच्या गावी जा.”

वहिनींस हे रुचले नाही. “भावजी, त्यांच्या आवडीची ठेव अशी रानात कशाला?” असे त्या म्हणाल्या. आम्हांस उत्तर सुचले नाही.

पावसाळा सरल्यावर डबी शाबूत आहे का, हे पाहण्यास आम्ही गेलो. वहीत एकच नोंद होती. बेंगळुरूकडे निघालेल्या कोणा प्रवाशाने लिहिले होते, “गीत नदीकाठी ऐकले. आता वाट वाकडी करून शिंदला जातो.”

घरी येऊन आम्ही ते वहिनींस सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग कपाट उघडून त्यांनी ध्वनिमुद्रिका काढली, पदराने पुसली आणि म्हणाल्या, “परक्याने जाऊन यावे आणि आपण घरी बसावे, हे बरे नव्हे. येत्या रविवारी मुलांना घेऊन निघू या.”