शेवटचा एक

मागच्या महिन्यात ऑफिसात एक बग आला. गिऱ्हाईक पावती उघडायला गेलं की कधी कधी "पावती सापडली नाही". कधी कधी म्हणजे साधारण दोनात एकदा. टीममधल्या नवीन मुलीने नुकताच काहीतरी बदल केला होता, त्यामुळे माझा संशय सरळ तिच्यावर. मीटिंगमध्ये चारचौघांत तिला बोललोही.

दोन दिवसांनी ती माझ्या खुर्चीपाशी आली. ब्राउझरचा कन्सोल उघडला आणि १११११११११ चा वर्ग केला. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२०.

"सर, शेवटी शून्य कसं येईल?"

खरंच की! एकावर संपणाऱ्या संख्येचा वर्ग एकावरच संपणार. खरं उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. कागदावर मांडून बघा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाला एकच एक, त्याशेजारी दोन, मध्ये नऊ, मग परत उतरण. हातचा कुठेच नाही, म्हणून दोन्हीकडून वाचलं तरी तेच. नवाऐवजी दहा एक घेतले की मध्ये हातचा येतो आणि सगळी मजा जाते... १२३४५६७९००९८७६५४३२१.

तर जावास्क्रिप्टची साधी संख्या पूर्णांक नेमके धरते ते २ च्या ५३व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत. त्यापुढे दुप्पट होईपर्यंत फक्त सम संख्या मावतात. विषम आली की शेजारच्या सम संख्येवर जाऊन बसते, तेही चूं न करता. आमचे पावती नंबर वाढत वाढत मागच्याच महिन्यात ही वेस ओलांडून गेले होते. नंबर स्ट्रिंग म्हणून पाठवायला हवा होता. तो कोड दोन वर्षांपूर्वी कोणी लिहिला होता? अस्मादिकांनी.

या असल्या संख्यांना डेम्लो संख्या म्हणतात, हे त्या रात्री वाचलं. नाव दिलं देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी. आणि डेम्लो म्हणजे चक्क आपलं डोंबिवली! कल्पना त्यांना त्या स्टेशनवर सुचली. मी सात वर्षं तिथूनच लोकल पकडतो. आज चढायला मिळेल का, यापलीकडे मला तिथे काही सुचलेलं नाही.

अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो अशा संख्येला 'हर्षद' हे नावही त्यांचंच. आमच्या या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. आणि १११११११११ म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९ (आठ गायब आहे, बघितलंत?), म्हणजे वर्गाला ८१ ने भाग जाणारच. शेवटचा एक शून्य झाला की बेरीज ८०, आणि ८० ने भाग जातो का, तर जातो! करून बघा. म्हणजे चुकलेलं उत्तरही हर्षदच. असो.

तिला पॅन्ट्रीत चहा घेताना सॉरी म्हटलं. ती "इट्स ओके सर" म्हणून हसली. पण बोललो होतो मी मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर.

सोमवारी दहा वाजता पुढची मीटिंग आहे.