बैलाच्या डोळ्यात पाहताना

फोटो हाताशी असताना चित्र कशाला काढायचे, असा प्रश्न आपल्या घरांतून हमखास विचारला जातो. त्यातून ते चित्र जनावराचे असेल आणि संगणकावर काढायचे असेल, तर वडीलधारी मंडळी सरळ सांगतात, हा रिकामा उद्योग सोड आणि स्पर्धा परीक्षेचे पुस्तक हातात घे. आम्ही स्वतः कारकुनी करणारी माणसे. बी.कॉम. झालो, जमाखर्च आणि खतावणीत वीस वर्षे घालवली, रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेचे काम पाहतो. चित्रकलेशी आमचा संबंध शाळेतल्या पाटीपुरताच. तरीही गेल्या पावसाळ्यात आम्ही संगणकावर एका बैलाचे चित्र काढले. त्यातून जे उमगले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

बैल आमच्या चुलत भावाचा. पैठण तालुक्यात त्याची थोडी जमीन आहे. त्याने घेतलेली बैलजोडी ही आमच्या घराण्यातली पहिली स्वतःची जोडी. आजोबा सालगडी होते. जन्मभर दुसऱ्याच्या बैलांना चारा-पाणी केले, आणि गावातले ढोर मेले की ते ओढून नेण्याचे कामही त्यांच्याच गळ्यात होते. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, असे बजावले. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आजोबांनी ढोर ओढणेही बंद केले आणि त्याबद्दल गावाचा रोष पत्करला. जिवंत जनावर दुसऱ्याचे आणि मेलेले तेवढे आपले, असा तो जुना हिशेब होता. तो मोडून दावणीला उभी राहिलेली ही जोडी. त्यातला एक बैल दोन वर्षांपूर्वी गेला. उरलेला लाल कंधारी बैल एकटा औताला चालेना. तो विकायचे ठरले, तेव्हा आई म्हणाली, "त्याचं एक चित्र तरी घरात राहू द्या."

उस्मानपुऱ्यात आमच्या दोन खोल्या. लेक जवळच्याच शासकीय तंत्रनिकेतनात शिकते. शिष्यवृत्तीच्या पैशातून तिने जुना पेन टॅब्लेट विकत घेतला. ही पाटीसारखी एक सपाट वस्तू असते. तिच्यावर विजेची लेखणी फिरवली की संगणकाच्या पडद्यावर रेघ उमटते. लेखणी हलकी टेकवली तर रेघ बारीक, दाबली तर जाड. त्यासाठी लागणारे 'क्रिता' नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. रंग, कुंचला, कॅनव्हास यांचा खर्च नाही आणि रेघ पुसली तरी कागद फाटत नाही. लेक म्हणाली, "पप्पा, चित्र तुम्हीच काढा. मी शेजारी बसते."

पहिली अडचण फोटोचीच निघाली. भावाने उभ्या उभ्या, अगदी तोंडाजवळ मोबाईल नेऊन फोटो काढला होता. इतक्या जवळून काढलेल्या फोटोत नाकाड भलतेच मोठे दिसते आणि डोळे मागे सरतात. लेकीने फोनवर सांगितले, "काका, चार पावलं मागं या, बैलाच्या डोळ्याइतक्या उंचीवर बसा आणि सकाळच्या उन्हात फोटो घ्या. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे जातात." दुसऱ्या दिवशी चांगला फोटो आला.

मग काम सुरू झाले. आम्हाला वाटले, आधी अंगावरचे केस रंगवायचे. लेकीचा क्रम निराळा होता. प्रथम नुसता आकार: शिंगे, कपाळ, मान, कान. मग रंग न भरता फक्त उजेड आणि सावली. काळ्या-करड्या छटांत बैल ओळखू आला, तरच पुढे जायचे. त्यानंतर रंग, आणि केस सर्वांत शेवटी. तेही एकेक करून मोजायचे नसतात. कपाळावर ते कोणत्या दिशेला वळतात, गालावरून मानेकडे कसे जातात, हे पाहून तेवढीच दिशा दाखवायची. प्रत्येक टप्पा वेगळ्या थरावर, काचेवर काच ठेवावी तसा. एक थर बिघडला तर बाकीचे शाबूत राहतात. मधूनमधून चित्र आरशातल्यासारखे उलटे करून पाहायचे. सरावलेल्या डोळ्याला न दिसलेला तिरपेपणा मग लगेच दिसतो. खतावणीत बेरीज खालून वर पुन्हा करून पाहावी, तसाच हा ताळा.

आठवडाभर रोज रात्री तासभर बसून चित्र फोटोबरहुकूम झाले. आईला दाखवले. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "बैल तं बैलासारका झालाय. पन कोनाचा हाये ते कळंना."

आमच्या मते सगळी कला त्या एका वाक्यात आली. मापे बरोबर असणे वेगळे आणि ओळख पटणे वेगळे. जनावराच्या चेहऱ्यावर माणसासारख्या भुवया आणि ओठ बोलत नाहीत. म्हणून पुष्कळ चित्रांत जनावराला माणसाचे हसू किंवा माणसाची आसवे चिकटवतात. ते पाहायला गोड वाटते, पण त्यात ते जनावर राहत नाही. चार्ल्स डार्विन यांनी 1872 साली माणूस आणि प्राणी यांच्या भावनांच्या आविष्कारावर एक अख्खे पुस्तक लिहिले. कान, मान, अंगावरचे केस, शरीराची ठेवण यांतून प्राणी कसे व्यक्त होतात, हे त्यांनी त्यात बारकाईने नोंदवले आहे. आमच्या आईने डार्विन वाचलेले नाहीत, पण बोट ठेवले ते नेमके तिथेच. बैलाचा एक कान पुढे होता आणि दुसरा मागे वळलेला. "मालकाचा आवाज ऐकला की तो असाच कान करतो," ती म्हणाली. मानेवर जू वाहून पडलेला घट्टा आम्ही रंग भरताना गुळगुळीत करून टाकला होता, तो तिने परत मागितला. वेसणीपाशी नाकाचा ओलावा आणि डोळ्याखाली उतरलेली काळसर रेघ, हेही हवे म्हणाली.

मग डोळा. गाय-बैलांच्या डोळ्यातली बाहुली आपल्यासारखी गोल नसते, आडवी लांबट असते. डोळा जिवंत दिसतो तो त्यात उमटलेल्या उजेडामुळे. तो उजेड नीट टिपावा म्हणून लेकीने फोटोतला डोळा पडदाभर मोठा केला. वरच्या बाजूला आभाळाची फिकट पट्टी होती, खाली जमीन, आणि मध्ये गुडघ्यावर बसलेली एक इवलीशी काळी आकृती. तो आमचा भाऊ होता, मोबाईल धरून बसलेला. बैल त्याच्याकडेच पाहत होता. आम्ही ती आकृती चार-पाच ठिपक्यांत रंगवली. छापलेल्या चित्रात ती पटकन दिसणारही नाही. पण आईच्या प्रश्नाचे उत्तर तिथे होते.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. उस्मानपुऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथल्या सतराव्या लेण्यात मातृपोषक जातकाची कथा रंगवली आहे. आंधळ्या आईला सांभाळणारा हत्ती राजाच्या हत्तीखान्यात अडकतो, अन्नाला तोंड लावत नाही, आणि राजाने सोडल्यावर आईकडे परततो. त्या चित्रकारांपुढे फोटो नव्हता. हत्ती पाहून पाहून त्यांच्या हातात उतरला होता. पुढे या चित्रांच्या नकला करण्यासाठी माणसांनी उमेदीची वर्षे वेचली. रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून केलेल्या नकलांपैकी बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कित्येक 1885 साली लंडनमध्येच आगीत गेल्या. आणि आता नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी याच चित्रांचे फोटो घेऊन, झिजलेले रंग आणि तुटलेल्या रेषा संगणकावर पुन्हा उभ्या करण्याचे काम केले आहे. तेव्हा फोटोवरून संगणकावर काढलेले चित्र म्हणजे पोरखेळ, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. साधन बदलत जाते. पाहण्याची मेहनत कुणाला चुकलेली नाही.

आता तर मोबाईल एका बोटात फोटोचे तैलचित्र करून देतो. लेकीने तेही करून दाखवले. दहा सेकंदांत बैल तयार, चकचकीत, देखणा. मानेवरचा घट्टा त्या यंत्राने डाग समजून पुसून टाकला होता. ज्या खुणेवरून आईने बैल ओळखला, तीच नेमकी गेली. आम्ही यंत्राला दोष देत नाही. काय ठेवायचे आणि काय पुसायचे, हे ज्याला त्या जनावराची किंवा माणसाची माहिती आहे त्यानेच ठरवावे, एवढेच आमचे म्हणणे. आपल्या लोकांची चित्रे आणि वर्णने फार काळ दुसऱ्यांनीच केली. त्यांत काय पुसले गेले, ते वाचकांना सांगायला नको.

बैल आता शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याकडे आहे. तिथे त्याला जोडीदार मिळाला आहे. चित्र आम्ही पीर बाजाराजवळच्या दुकानात छापून घेतले आणि एक प्रत भावाला दिली. भावाने ती ओसरीत लावली आहे.

आईवडिलांना आमची एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी संगणकावर चित्र काढत बसली, तर पडदा लगेच बंद करू नका. शेजारी बसा आणि कशाचे चित्र चालले आहे ते विचारा. गोठ्यातली म्हैस, दारातली कोंबडी, गल्लीतले कुत्रे, काहीही चालेल. फोटो तुम्ही स्वतः काढून द्या, जनावराच्या डोळ्याच्या उंचीवर बसून. आणि चित्र पुरे झाले की आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवा. त्याला ओळख पटली तर चित्र साधले. नाही पटली, तर काय राहिले ते त्याच्याच तोंडून ऐका.