एकोणसत्तर की एकोणऐंशी?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शाळेचं सगळं शिक्षण सोलापुरात, कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. पण माझा खरा वीक पॉइंट म्हणजे मराठी आकडे. त्यातही 'एकोण' आलं की माझी दांडी गुल! एकोणसाठ हे साठच्या अलीकडचं की पलीकडचं, हे मी अजूनही मनातल्या मनात बोटं मोजून ठरवते. याच आकड्यांनी गेल्या येळवशीला आज्जीसमोर माझी विकेट काढली. त्याची ही गोष्ट.

सेकंड इयर संपत आलं तेव्हा माझं वजन होतं ८१ किलो आणि उंची पाच फूट दोन इंच. 'हेल्दी आहे', 'खात्यापित्या घरची आहे' वगैरे ऐकायची सवय झाली होती. पण पप्पांना बेचाळिसाव्या वर्षी डायबेटिस झाला आणि आता ते इन्सुलिन घेतात. डॉक्टर म्हणाले, मुलीचीही तपासणी करून घ्या. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी ती एचबीए१सी टेस्ट माझी ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसचा उंबरठा. विसाव्या वर्षी मी उंबरठ्यावर उभी! त्या रात्री पप्पा काही बोलले नाहीत. फक्त माझ्या ताटातली जिलेबी उचलून त्यांनी डब्यात परत ठेवली.

मग मी पेटून उठले. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत आमच्या भागात घरोघरी माहीत आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून त्यांनी ती लोकांपर्यंत नेली. दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा जेवायचं, जेवण ५५ मिनिटांत संपवायचं आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मी डॉक्टरांना विचारून सुरू केलं. एप्रिल ते सप्टेंबर एकही दिवस खाडा नाही. ८१ वरून ७२! 'अय्या, किती बारीक झालीस गं!' हे वाक्य किती गोड असतं, हे जाड माणसालाच कळेल.

ऑक्टोबरमध्ये हॉस्टेलच्या जिन्यावर पाय मुरगळला. लिगामेंट. तीन आठवडे चालणं बंद. त्यातच सबमिशन. एका रात्री शीट्स काढता काढता रूमवर वडापाव आले आणि मी एक खाल्ला. खरं तर गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण मनात आलं, आज मोडलंच आहे ना, मग अजून दोन खाऊ. उद्यापासून परत सुरू. तो 'उद्या' डिसेंबरपर्यंत काही उगवला नाही. वजनकाटा मी कॉटखाली ढकलून दिला. जे दिसत नाही ते वाढत नाही, असा माझा त्या वेळचा सिद्धांत!

या प्रकाराला मानसशास्त्रात रीतसर नाव आहे, हे मला नंतर कळलं. जेनेट पोलिवी आणि पीटर हर्मन यांनी त्याला 'व्हॉट द हेल इफेक्ट' म्हटलंय. डाएट करणाऱ्या माणसाला नियम एकदा मोडला असं वाटलं, की तो थांबण्याऐवजी जास्तच खातो. आपल्या पूर्वजांनी हे कधीच सांगून ठेवलंय, बुडत्याचा पाय खोलात.

आमचं मूळ गाव सास्तूर. धाराशिव जिल्हा, लोहारा तालुका. येळवस म्हणजे वेळ अमावस्या हा आमच्याकडचा दिवाळीपेक्षा मोठा सण. सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप करून पांडवांची पूजा करायची आणि मग भज्जी, आंबील, उंडे, खीर यांचं वनभोजन. यंदा मला जायचं नव्हतं. दिवाळीत सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं, आता कुठल्या तोंडाने जाऊ? सैल कुर्ता घालून गेले.

कोपीपाशी आज्जीने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"किती हाय आता वजन?"

निघायच्या आदल्या रात्री कॉटखालचा काटा काढून पाहिलं होतं. ७९. पण घाबरून तोंडातून निघालं, "एकोणसत्तर."

आज्जी खळखळून हसली. "एकोणसत्तर? अगं, आयुष्यभर आडतीवर तूर घालत आले मी. पोत्याला नुसता हात लावला तरी मला वजन कळतंय. एकोणऐंशी म्हण!"

सगळी कोप हसली. मी पण हसले, आणि मग अचानक रडूच फुटलं. खोटं पकडलं गेलं म्हणून नाही. सहा महिन्यांची मेहनत तीन महिन्यांत मातीत गेली, हे पहिल्यांदाच मोठ्याने कबूल झालं म्हणून.

दुपारी आज्जी मला बांधावर घेऊन गेली. तिथे मोठमोठ्या दगडांचा ढीग आहे. लहानपणी मी त्यावर चढून खेळायचे. ते आमच्या जुन्या घराचे दगड. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. त्या भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची कितीतरी गावं कोसळली, हजारो माणसं गेली. आज्जीची सासू आणि माझी सव्वा वर्षांची आत्या त्याच घरात गेल्या.

"दोन हात रुंद भिंती हुत्या," आज्जी दगडावर बसत म्हणाली. "आमाला वाटायचं, आपलं घर लई मजबूत."

मी सिव्हिलची विद्यार्थिनी. त्या भिंती का पडल्या, हे मला वर्गात शिकवलंय. भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात बसतो. जितकी जड भिंत, जितका जाड मातीचा धाब्याचा थर, तितका मोठा धक्का. दगड मातीत रचलेले, एकमेकांना बांधणारं काहीच नाही. शिवाय तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या झोन १ मध्ये होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो झोन ३ मध्ये गेला. नंतर भूकंपरोधक घरं बांधताना भिंतींना काँक्रीटचे आडवे पट्टे घातले, छत हलकं ठेवलं. अशा घराला तडा जाणारच नाही, असं इंजिनिअर म्हणत नाही. तडा जाईल, पण घर अंगावर पडणार नाही, एवढंच तो बघतो.

आज्जीच्या आताच्या घराच्या भिंतीलाही एक तडा आहे. मी म्हटलं, "आज्जी, तो बुजवून घ्यायला हवा."

"दरसाली बुजविते की. तडा गेला म्हून घर सोडून जात्यात व्हय?"

ती घराबद्दलच बोलत होती. तिच्या दुःखाशी माझ्या सात किलोंची तुलना करण्याइतकी मी निर्लज्ज नाही. पण परतीच्या एसटीत तो प्रश्न डोक्यातून जाईना. माझं डाएटही त्या जुन्या भिंतीसारखंच होतं. जाड, कडक, बघणाऱ्याला मजबूत वाटणारं, आणि आतून न बांधलेलं. दोष पद्धतीचा नव्हता, माझ्या बांधकामाचा होता. पाय मुरगळेल, परीक्षा येईल, हे माझ्या नकाशात कुठल्याच झोनमध्ये नव्हतं.

म्हणून यावेळी मी तीन पट्टे घातलेत. पहिला, रोजचं चालणं ४५ मिनिटं. पण वाईट दिवशी दहा, आणि पाय दुखत असेल तर खुर्चीत बसून हातांचा व्यायाम. शून्य मात्र नाही. दुसरा, एक वडापाव म्हणजे एकच वडापाव. पुढचं जेवण नेहमीसारखं, उपास करून शिक्षा नाही. तिसरा, दर रविवारी काट्यावर उभं राहायचं आणि जो असेल तो आकडा वहीत लिहायचा. लाज वाटली तरी!

अजून एक गोष्ट मला हवी तेव्हा कळली असती तर बरं झालं असतं. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या वजन घटवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, आणि त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे वजन परत येतं तेव्हा दरवेळी आपण आळशी किंवा नालायक असतोच असं नाही. शरीरही ओढत असतं. मग स्वतःला शिव्या घालण्यात वेळ कशाला घालवायचा?

आज वहीत आकडा आहे ७६. एचबीए१सी ५.८, म्हणजे उंबरठ्यावरच, पण मागे सरकतेय. मध्ये दोन रविवारी वजन वाढलं होतं, तेही लिहिलंय. असो.

काल आज्जीचा फोन आला.

"किती?"

"शहात्तर," मी बोटं न मोजता सांगितलं.

"खरं?"

"पोत्यासारखं उचलून बघ!"

पुढच्या येळवशीपर्यंत एकोणसत्तर करायचंय, आणि यावेळी खरंखुरं एकोणसत्तर. नाही झालं, तरी सैल कुर्ता न घालता जाणार आहे. आणि हो, आंबील दोन पेले पिणारच!

(तृतीय वर्ष, स्थापत्य)